शेळ्यांनी बांधलेलं घर

मी, बानूबाई महारुद्र दुधभाते, वय सत्तरीच्या पुढं (नक्की किती ते सांगणारी माणसं आता उरली नाहीत, आधार कार्डावर त्र्याहत्तर आहे, तेच धरावं), धंदा आधी मेंढरं राखणं व नंतर शेळ्या पाळणं, राहणार सास्तूर, तालुका लोहारा, जिल्हा धाराशिव, माझ्या मागं माझ्या मिळकतीचं काय करावं ते या कागदावर माझ्या हातानं लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. गेल्या साली दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले, त्यामुळं दिसतंही स्वच्छ. मला कुणी धाक घातलेला नाही, कुणी गोड बोलून बसवलेलं नाही. कायद्याचे शब्द लोहाऱ्याच्या वकील साहेबांनी सांगितले, बाकीचे माझे आहेत. शाळेत मी गेले नाही. रस्त्याच्या कडेला मेंढरं घेऊन उभी राहायची तेव्हा एसटीच्या पाट्या बघत बघत अक्षरं ओळखायला लागले. म्हणून माझं 'उमरगा' आणि 'तुळजापूर' फार सुबक येतं. बाकी कुठं काना-वेलांटी चुकली असेल तर मतलब तोच धरावा.

यापूर्वी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. हा कागद कशासाठी.

माझे पती महारुद्र करोनाच्या आदल्या वर्षी वारले. मला दोन लेकरं. थोरली शिवकन्या. तिचा नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला, मूलबाळ नाही, तेव्हापासून ती माझ्यापाशी आहे आणि शेळ्यांचं सगळं तीच बघते. धाकटा रामहरी कळंबला एका शाळेत लेखनिक आहे. त्याची बायको जगदेवी, मुलगी प्रतीक्षा. प्रतीक्षा लातूरला नर्सिंग शिकते. लेकरं दोन्ही मला सारखी. पण रामहरीला पगार आहे, पुढं थोडीफार पेन्शनही मिळेल. शिवकन्येला मी आहे. मी गेल्यावर ती कुणाच्या दारात राहील आणि कुणाच्या हातून खाईल, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

दिवाळीत पडवीत सगळे बसलो होतो. घराच्या कागदाचा विषय निघाला. जगदेवी करंज्या तळता तळता शिवकन्येकडं बघून म्हणाली, "आक्कांच्या सहीचं काय एवढं? एका इरकलीचं काम हाय." सगळे हसले. आमच्याकडं बहिणीनं माहेरच्या मिळकतीवरचा हक्क सोडून द्यायचा आणि भावानं तिला साडी-चोळी करायची, ही रीतच आहे; त्यामुळं जगदेवीनं काही वावगं म्हटलं असं तिलाही वाटलं नाही. सुनेवर माझा राग नाही. पण शिवकन्यापण हसली. तिचं ते हसणं मला आवडलं नाही. दुसऱ्या दिवशी मी लोहाऱ्याला गेले.

कलम २. घर.

सास्तूरमधलं माझं घर, दोन खोल्या, पडवी, मागं शेळ्यांचा गोठा, समोर लिंबाचं झाड, ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर माझ्या एकटीच्या नावानं आहे. ही मिळकत मी स्वतः कमावलेली आहे, सासरची किंवा माहेरची नाही. हे इथं ठासून लिहिते, कारण ते कसं झालं हे गावातल्या नव्या पोरांना माहीत नाही.

त्र्याण्णव सालच्या भूकंपाच्या वेळी आम्ही दोघं मेंढरं घेऊन बाहेर होतो म्हणून वाचलो. सासूबाई घरात होत्या, त्या गेल्या. त्या पैसा बळदात ठेवायच्या, म्हणजे जाड भिंतीच्या पोटात धान्यासाठी जी जागा असते तिथं, ज्वारीच्या खाली. बँकेचं नाव काढलं की म्हणायच्या, "माझी भिंत कुठं पळून जातीय?" भिंत पळाली नाही, बसली. मागाहून पाऊस झाला. माती उकरली तेव्हा नोटांचा गारा झाला होता. महारुद्रांनी तो ओंजळीत धरला आणि मेंढराच्या मेलेल्या पिलाला पुरावं तसा परत पुरला. त्या दिवशी माझ्या मनानं घेतलं की यापुढं आपला पैसा भिंतीत राहणार नाही. एक तर तो चार पायांवर चालेल, नाहीतर पोस्टात राहील.

पुढं सरकारनं नवं गाव बसवलं. आमच्या घराण्याला मिळालेलं घर माझे मोठे दीर वैजनाथ यांच्या नावानं लागलं. ते म्हणाले, "तुमी बारा महिने रानात. तुमाला घर कशाला?" आम्हाला अंगणाचा कोपरा मिळाला. तिथं चूल मांडून दिवस काढले. महारुद्र भावाला उलटून बोलणारे नव्हते. मी होते, पण त्यांनी डोळ्यांनी गप्प केलं.

म्हणून मी शेळ्या धरल्या. मेंढरं घरची, सगळ्यांच्या सामायकीची; शेळ्या माझ्या. आपली उस्मानाबादी शेळी, काळी कुळकुळीत, खायला काटंकुटं चालतं आणि बहुतेक वेताला जुळी देते. (जिल्ह्याचं नाव बदललं, शेळीचं अजून तेच आहे. ती काही गॅझेट वाचत नाही.) मला फिरतीवर जास्त शेळ्या सांभाळता येईनात, तेव्हा मी त्या अर्धलीनं दिल्या: शेळी माझी, राखण दुसरीची, होणारी पिलं निम्मी निम्मी. सास्तूरला, जळकोटला, मेंढरांच्या वाटेवर जिथं भरवशाची बाई भेटली तिथं एकेक शेळी ठेवत गेले. पुढल्या साली त्याच वाटेनं आलो की माझ्या वाट्याची पिलं तयार. बायका लांबूनच हाक मारायच्या, "बानूबाई, तुझी सून बाळंत झाली गं!" ते दिवस आठवले की आजही पायाला चालायची ओढ लागते. पुढं मेंढरं, मागं घोड्यावर बिऱ्हाड, त्यावर रामहरी पेंगतोय, शिवकन्या कोकरू कडेवर घेऊन चालतेय, आणि महारुद्र कुठल्यातरी वळणावरून शीळ घालतायत. तेव्हा आमच्याकडं काही नव्हतं, आणि मला ते कधी कमी वाटलं नाही.

एक नियम मात्र मी केला होता. दर वेताला माझ्या वाट्याला आलेल्या पाटींपैकी, म्हणजे मादी करडांपैकी, एकीच्या गळ्यात निळा मणी बांधायचा. ती म्हातारपणाची. बोकड विकावेत, साध्या पाटी विकाव्यात, आजारपण-लग्न त्यातून काढावं. निळ्या मण्याला हात लावायचा नाही. महारुद्र हसायचे.

"बाने, धनगराला कसली पेन्शन? काठी टेकली की खेळ खलास."

"अवो, काठी टेकल्यावर पण पोट हाय की."

"रामा हाय ना?"

"रामा हाय. म्हणून त्याच्या जिवावर बसायचं व्हय?"

यावर ते काठीनं जमिनीवर रेघा मारत बसायचे. पण निळ्या मण्याची पाट विकायला त्यांनी कधी बाजारात नेली नाही. रामहरीनं शाळेच्या सहलीसाठी हट्ट धरला, तेव्हाही नाही. त्या दिवशी पोरगं रडलं आणि महारुद्रांनी आपली नवी घोंगडी विकून त्याला सहलीला धाडलं. हे रामहरीला माहीत नसेल, आता कळावं.

त्या शेळ्यांच्या पिलांतून ही जागा घेतली, दगड आणले, पत्रे आणले. म्हणून हे घर शेळ्यांनी बांधलं असं मी म्हणते. हे घर, जागा, गोठा आणि लिंबाच्या झाडासह, माझ्या पश्चात माझी मुलगी शिवकन्या हिच्या एकटीच्या मालकीचं होईल. तिला ते राहायला, भाड्यानं द्यायला, विकायला, किंवा तिच्या मनाला येईल तसं वागवायला मोकळीक राहील. भावानं साडी आणली तर तिनं जरूर घ्यावी, नेसावी, मिरवावी. सही करू नये.

कलम ३. पोस्टातली ठेव.

साठी ओलांडल्यावर निळ्या मण्याचा सगळा कळप मी एका उन्हाळ्यात विकला. कळंबचा व्यापारी टेम्पो घेऊन आला होता. टेम्पो वळणापलीकडं गेला तरी महारुद्र तिथंच उभे. ते पैसे मी पोस्टात ज्येष्ठ नागरिकांच्या योजनेत घातले. तेव्हापासून दर तीन महिन्यांला व्याज येतं. डोळ्यांचं ऑपरेशन, चष्मा, औषधं, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातावर ठेवायला काही, हे सगळं त्यातून झालं. रामहरीनं पैसे पाठवू का म्हणून विचारलं नाही असं नाही, पुष्कळदा विचारलं. मला घ्यावे लागले नाहीत, एवढंच. त्यामुळं आमचं फोनवर बोलणं कायम गोड राहिलं.

ठेव करताना वारस कोण म्हणून विचारलं, तेव्हा मी रामहरीचं नाव सांगितलं होतं. आपल्यात कुणीही विचारलं तरी तोंडातून मुलाचंच नाव येतं, विचार नंतर येतो. लोहाऱ्याच्या वकील साहेबांनी समजावलं की तिथं नाव असलेला माणूस पैसा फक्त हातात घेतो, तो कुणाचा हे मृत्युपत्र ठरवतं. तरी नाव बदललेलं बरं. मी पोस्टात गेले. खिडकीवरचे नवे साहेब म्हणाले, "आजी, मुलगा नाही का तुम्हाला?"

"हाय की. लई गुणी हाय."

"मग मुलीचं नाव कशाला?"

"गुणी हाय म्हणूनच त्याला चालतंय, साहेब. तुमी लिवा."

ही ठेव शिवकन्येला. तिनं ती मोडू नये. तिचं वय योजनेत बसलं की तिच्या नावानं तशीच योजना घ्यावी, तोवर साध्या मुदत ठेवीत ठेवावी. व्याज खावं, मुद्दल राखावं. शेळीचं दूध प्यावं, शेळी कापू नये, इतकं सोपं आहे ते.

कलम ४. बँकेतली मुदत ठेव रामहरीला.

त्याच्या कळंबच्या घराचं कर्ज आहे. ही ठेव त्यानं त्यातच भरावी, गाडी घेऊ नये. रामहरीच्या शिक्षणाला आणि नोकरीला लागेपर्यंतच्या खर्चाला मी दिलं ते मी कधी मोजलं नाही आणि इथंही मोजत नाही. एवढंच सांगते की शिवकन्येच्या वेळी आमच्याकडं शाळेत घालायला वेळ नव्हता. ती कोकरं सांभाळत होती, म्हणून तो शिकला.

कलम ५. फंड प्रतीक्षाला.

हा म्युच्युअल फंड तिनंच मला काढायला लावला. दर महिन्याला बँकेतून थोडे पैसे आपोआप जातात. सुरवातीला मी रोज विचारायची, आज किती झाले. ती म्हणाली, "आजी, बाजार पडला तरी बघायचं न्हाय."

"शेळी पडली तर बघायचं न्हाय व्हय गं?"

"पावसाळ्यात शेळ्या रोडावतात तेव्हा तू त्या इकून टाकतीस का?"

तेव्हापासून मी विचारणं सोडलं. पोरीला यातली नाडी कळली आहे. फंड तिला द्यावा. लग्नात उडवू नये.

कलम ६. हत्यारं, जनावरं आणि राग.

माझ्या गोठ्यातल्या शेळ्या शिवकन्येच्या. अर्धलीनं दिलेल्या शेळ्या ज्या बायकांकडं आहेत त्यांच्याच राहतील, पिलांसकट. त्यांनी पुष्कळ वर्षं प्रामाणिकपणे वाटा दिला. त्यातल्या मथुराबाईला शेळीबरोबर माझी फांद्या ओढायची आकडीही द्यावी, तिचा हात आता वर जात नाही. लोकर कातरायची महारुद्रांची कातर रामहरीकडं जाईल. त्याला ती चालवता येत नाही, पण ती लेखनिकाच्या टेबलावर कागद दाबायला बरी. महारुद्रांची काठी माझ्याबरोबर ठेवावी.

दीर वैजनाथ यांना मी काही देत नाही. दामदुप्पटवाल्यांच्या नादी लागून त्यांनी ते सरकारी घर गहाण टाकलं आणि घालवलं, तेव्हा वर्षभराची ज्वारी मी पोचवली. ज्वारी दिली म्हणजे राग गेला असं कुणी समजू नये. राग आहे तसाच आहे. मात्र तो मी शिवकन्येला किंवा रामहरीला वारसा म्हणून देत नाही. तो माझ्याबरोबर संपेल. काकांकडं पोरांनी जावं-यावं.

कलम ७. वरच्या कलमांत पुढं झालेली भर.

इथवर मी गुपचूप लिहीत होते. शिवकन्येनं एक दिवस दळण निवडता निवडता विचारलं तेव्हा मी सांगून टाकलं. ती हरखेल असं वाटलं होतं. तिनं सूप खाली ठेवलं.

"माय, मला घर नको."

"का गं?"

"घर घेतलं तर भाऊ तुटंल. तू गेल्यावर मला दिवाळीला न्यायला कोण येईल? भिंती येतील व्हय?"

इतकी वर्षं मी शेळ्यांचा, व्याजाचा, मुदतीचा विचार केला, आणि लेकीला सगळ्यात कशाची भीती आहे ते विचारलंच नव्हतं. कागद तसाच पेटीत ठेवला. खाडाखोड करून घर दोघांच्या नावानं लिहून बघितलं, तेही पटेना. दोघांच्या नावाचं म्हणजे तिनं सारखं विचारून राहायचं.

येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, आम्ही दरवर्षी मल्लिनाथ बिराजदारांच्या रानात जातो. आम्हाला शेत नाही. पण त्यांचे वडील कल्याणप्पा यांच्या रानात आमची मेंढरं खतासाठी बसायची, तेव्हापासून येळवशीचं आवतण आहे. यंदा रामहरी, जगदेवी, प्रतीक्षापण आली. कडब्याच्या कोपीत पूजा झाली, भज्जी-भाकरी झाली, आंबिलीचं बिंदगं, म्हणजे घागर, फिरलं. सगळ्यांची पोटं भरलेली बघून मी विषय काढला. घर आक्काला लिहिलं म्हणून सांगितलं. जगदेवीनं पदर सारखा केला. शिवकन्या उठून भांडी गोळा करायला लागली.

रामहरीनं हातातले हरभऱ्याचे घाटे सोलून संपवले. मग म्हणाला, "माय, मला इचारलं असतंस तर मी न्हाय म्हटलं असतं का? मी काय आक्काला भाईर काढणार व्हतो?"

"न्हाय काढलं असतंस. तू दिलंच असतंस."

"मग?"

"तू दिलं असतंस तर तिनं घेतलं असतं, बाळा. म्हणजे तुझ्या दारात घेणारी झाली असती. रोज. मला तिला घेणारी करायची न्हाय. तिचं हाय ते तिचं हाय, एवढंच व्हायला पायजे."

"आन माझं काम काय? नुसतं बघायचं?"

"तू पोचवायचं. उताऱ्यावर तिचं नाव लागंपर्यंत तलाठ्याकडं, ग्रामपंचायतीत, पोस्टात तूच हिंडायचं. लेखनिक हायेस, कागदं तुला कळत्यात."

तो हसला नाही. बहिणीकडं बघून म्हणाला, "आक्का, आन मी सास्तूरला आलो की कुठं उतरायचं?"

शिवकन्येच्या हातात थाळ्या होत्या. ती म्हणाली, "भाईरच्या खोलीत. तुझीच हाय की ती." आणि थाळ्या खाली ठेवून, "पण किल्ली माझ्याकडून घ्यायची."

"बघा, आत्तापासनं मालकीण!" जगदेवी म्हणाली, आणि तेव्हा पहिल्यांदा सगळे हसले. शिवकन्यापण हसली. या हसण्यात दिवाळीतलं काही नव्हतं.

त्यावरून भर अशी: (अ) घर शिवकन्येचं, त्यात फरक नाही, परंतु रस्त्याकडची खोली रामहरी व त्याच्या कुटुंबाला येळवस, दिवाळी व जत्रेला उतरण्यासाठी राहील. (आ) या मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा म्हणून मी मुलगा रामहरी याला नेमते. त्यानं सगळं ज्याचं त्याला पोचवावं. (इ) रामहरीनं दिवाळीला बहिणीला न्यायला स्वतः यावं, फोनवर बोलावू नये. हे कलम कोर्टात चालत नाही असं वकील साहेब म्हणाले. घरात चालेल.

कलम ८. माझी माती सास्तूरच्याच मातीत करावी. खर्च वेगळा काढून ठेवला आहे, शिवकन्येला माहीत आहे. तेराव्याला गावजेवण घालून पैसे मोडू नयेत.

कलम ९. देण्याघेण्याचं नाही, नुसती नोंद.

काल शिवकन्या न सांगता कुठंतरी गेली आणि दुपारी पावती घेऊन आली. घराची यंदाची घरपट्टी तिनं तिच्या बोकडाच्या पैशातून भरली होती. आजवर ती मीच भरत आले. मी म्हटलं, "अगं, मला का न्हाय मागितले?"

"घर कुणाचं हाय?"

"अजून माझंच हाय. मी मेले न्हाय."

"मग पैसे काढ," ती म्हणाली, आणि हात पुढं केला.

मी दिले नाहीत. पावती तिच्याकडंच ठेवायला सांगितली.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, मग शिवकन्येला व साक्षीदारांना वाचून दाखवला. तो माझ्या मनातला आहे. खाली त्यांच्या समोर सही करते. नुसता अंगठा येत होता त्या काळापासून मी इथवर आले, म्हणून सही जरा मोठी केली आहे.

सही: बानूबाई महारुद्र दुधभाते

साक्षीदार (दोघांनीही मला सही करताना पाहिलं, दोघांनाही यातून काही मिळत नाही, चहा सोडून):

१. मल्लिनाथ कल्याणप्पा बिराजदार, शेती, रा. सास्तूर. सही
२. महादेवी शरणप्पा कोरे, महिला बचत गट, रा. सास्तूर. सही

ठिकाण: सास्तूर, ता. लोहारा, जि. धाराशिव
दिनांक: १६ जानेवारी २०२५